प्रथमच इंटरनेट वापरणाऱ्या शेतकऱ्यासाठी मदतपत्रक

राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली व पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करावयाची सोय झाली. ही नोंद सातबाऱ्यावर जाते. ती राहून गेल्यास पुढे नुकसानभरपाईच्या वेळी अडचण येऊ शकते. नवख्या बांधवांसाठी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एकपानी मदतपत्रक तयार करावे.

पत्रक ॲपच्या रचनेप्रमाणे न लिहिता शेतकरी जेथे अडतो तेथून लिहावे. डावीकडे अडचण, उजवीकडे करावयाची कृती. उदाहरणार्थ, ‘ओटीपी आला नाही’ : रेंज असलेल्या जागी थोडे थांबावे, बटण पुनःपुन्हा दाबू नये, कारण नवा अंक निघाला की जुना बहुधा निकामी होतो. ‘फोटो’ : शेतात उभे राहूनच काढावा. फोन जागेचे अक्षांश-रेखांशही टिपतो, म्हणून ‘लोकेशन’ चालू हवे. अशा शब्दांना ओढूनताणून प्रतिशब्द देऊ नयेत. पडद्यावर असेल तोच शब्द पत्रकात हवा.

ओटीपी फोनवरून मागणाऱ्यास सांगू नये आणि पैशाची फसवणूक झाल्यास ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे, ही ओळ सर्वांत ठळक असावी.

छपाईपूर्वी पत्रक एखाद्या अनभ्यस्त बांधवाच्या हाती देऊन आपण गप्प बसावे. त्याचा मोबाईल घेऊन काम उरकणे सोपे खरे, पण पुढील हंगामात तो तेथेच अडतो. तो जेथे थबकेल तेथील मजकूर बदलावा. ॲपची नवी आवृत्ती आल्यास पडदेही बदलतात. सबब पत्रकावर तारीख घालावी.