सुप्रीमो का फसला?

नामवंत लेखक, नामवंत चित्रकार आणि नामवंत नायक एकत्र आले म्हणजे उत्तम चित्रकथा निर्माण व्हायलाच हवी, असा आपला सरळ हिशेब असतो. तो दरवेळी जुळत नाही. का जुळत नाही, हे पाहण्यासाठी मी येथे दोन उदाहरणे घेणार आहे. एक मुंबईचे व दुसरे जपानचे. चित्रकथा हा काय अभ्यासाचा विषय झाला, असे काही गुरुजनांना वाटेल. ज्या वाङ्मयावर आपल्यापैकी कित्येकांची वाचनाची सवय पोसली गेली, त्याचा अभ्यास का करू नये, एवढेच माझे नम्र उत्तर.

आमच्या हिंडलग्यात तर चित्रकथेचा आणखी एक उपयोग झाला. 1964 साली सुरू झालेली व 1990 मध्ये बंद पडलेली 'इंद्रजाल कॉमिक्स' ही माला मराठीत निघे, तशीच कन्नडमध्येही. माझ्या काकांच्या ट्रंकेत दोन्ही भाषांतले अंक आहेत. चित्रे पाहून गोष्ट आधीच समजलेली असल्यामुळे फुग्यातले कन्नड आपोआप कळू लागे, असे ते सांगतात. त्या ट्रंकेतला अनभिषिक्त राजा म्हणजे अर्थातच वेताळ.

या वेताळाच्या धर्तीवर ऐंशीच्या दशकात एक नवा नायक आला : सुप्रीमो. मालेचे नाव होते 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ अमिताभ बच्चन'. कल्पना पम्मी बक्षी यांची, संहितेचे सल्लागार गुलजार आणि चित्रकार 'अमर चित्र कथे'तून घराघरांत पोहोचलेले प्रताप मुळीक. प्रकाशक इंडिया बुक हाऊस, म्हणजे खुद्द अमर चित्र कथेचेच. शिवाय 1982 साली बेंगळूरला 'कुली'च्या चित्रीकरणात झालेल्या जीवघेण्या दुखापतीतून अमिताभ बरे झाले होते. सारा देश त्यांच्यासाठी देव पाण्यात घालून बसला होता. यापेक्षा अनुकूल वेळ ती कोणती? तरीही ही माला जेमतेम दोन वर्षे चालली.

दोष चित्रांचा नाही. मुळीकांची रेषा येथेही सफाईदार आहे. माझ्या मते दोष नायकाच्या मूळ रचनेत आहे. ली फॉक यांचा वेताळ 1936 पासून मुखवटा घालून आहे. मुखवट्यामागचा चेहरा वाचकाला दिसत नाही, म्हणूनच एकवीस पिढ्या तोच एक अमर पुरुष वावरतो आहे, ही दंतकथा टिकते. सुप्रीमोचे नेमके उलटे. अंकाचे सारे मोल अमिताभच्या चेहऱ्यात. तेव्हा गोष्टीतला नट अमिताभ चित्रीकरण सोडून निघतो, घट्ट पोशाख व गडद चष्मा चढवतो आणि त्याला कोणी ओळखत नाही, हे आपण मानायचे! शाहीन नावाचा ससाणा आणि सोनाली नावाची डॉल्फिन त्याच्या दिमतीला असतात. वेताळाच्या घोड्याची आणि लांडग्याची आठवण न येणारा वाचक विरळाच.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. 'जंजीर' (1973) आणि 'दीवार' (1975) यांतला विजय लोकांना भावला, कारण त्याच्या मनावर जखम होती. तो चिडे, चुके, 'दीवार'मध्ये तर मरतोही. सुप्रीमोला जखमच नाही. गंमत पाहा, विजय आणि अँथनी ही दोन्ही गाजलेली नावे या मालेत त्याच्या बालसाथीदारांना दिली आहेत. नायकापाशी उरला केवळ पोशाख. त्यातून कागदाला आवाज नसतो. अमिताभचा निम्मा अभिनय तर आवाजातच आहे. आणि गुलजार यांचे बळ न बोललेल्या वाक्यांत. मारामारीच्या चौकटींत त्याला जागा कुठली?

आता जपान. तेथील चित्रमालिकांना मांगा म्हणतात. त्सुगुमी ओबा (लेखक) आणि ताकेशी ओबाता (चित्रकार) या जोडीने 2003 ते 2006 या काळात 'डेथ नोट' रचली. ज्याचे नाव वहीत लिहावे तो मरतो, एवढ्या एका कल्पनेवर बारा खंड वाचक जागचा हलत नाही. त्याच जोडीची 'प्लॅटिनम एंड' 2015 ते 2021 या काळात चालली व चौदा खंडांची झाली. नवा देव निवडायचा आहे, उमेदवार तेरा, मुदत 999 दिवसांची. देवदूतांचे पंख, तांबडे व पांढरे बाण, सगळा सरंजाम आहे. ओबातांची चित्रे तर पूर्वीपेक्षाही देखणी. परंतु 'डेथ नोट'चा लाइट स्वतः डाव टाकतो, आणि प्रत्येक डाव त्याला अधिक पापात ओढतो. येथला मिराई कोणाला मारायचे नाही म्हणून थांबून राहतो; डाव टाकतात ते त्याचे शत्रू. भला नायक मला वर्ज्य नाही; पण गोष्ट जर त्याच्या निर्णयावाचून पुढे सरकत असेल, तर वाचकाने त्याच्या मागे का जावे?

आमच्या वर्गातील एका मित्राला हे मान्य नाही. मिराई आरंभी जीव द्यायला निघालेला मुलगा आहे, त्याने जगायचे ठरवले हाच त्याचा डाव, असे तो म्हणतो. पहिल्या खंडापुरते मी हे मान्य करतो. उरलेल्या तेरांबद्दल आमचा वाद हिंडलग्याच्या बसमध्ये अजून चालू आहे.

असो. प्रताप मुळीकांनी पुढे राज कॉमिक्सच्या नागराजची चित्रे काढली, आणि नागराजने मात्र हिंदी वाचकांची एक पिढीच्या पिढी वेडी केली. हात तोच होता.