पाण्याचीही वही ठेवूया

मैत्रिणींनो, गटाची शिल्लक बघूनच आपण कर्ज देतो. हाच नियम पाण्याला लावला तर?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं तो लावलाय. गाव पर्जन्यछायेतलं, पाऊस थोडा. १९९० च्या सुमारास सरपंच पोपटराव पवार यांच्यासोबत गावानं माती-पाणी अडवायला सुरुवात केली. शेतीसाठी बोअर मारायला आणि ऊस, केळी घ्यायला बंदी घातली. दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसं नि जनावरं, मग पिकं. पाऊस कमी, तर पिकंही कमी पाण्याची.

आपल्याकडे शाहूवाडी, गगनबावड्यात धो धो पाऊस पडतो. पण पाणी वाहून गेलं की उन्हाळ्यात घागर बाईच्याच डोक्यावर येते.

हिशोब सोपा आहे. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. २० चौरस मीटरवर १० मिलिमीटर पडला, की २०० लिटर. एक मोठं बॅरल भरलं!

पुढच्या बैठकीत एवढं करा :
१. प्रत्येकीच्या घरी रोज किती घागरी लागतात, ते लिहा.
२. दर महिन्याला विहिरीची पातळी दोरीनं मोजून नोंदवा.
३. ही वही घेऊन महिला ग्रामसभेला जा.

नुसत्या तक्रारीपेक्षा वहीतल्या आकड्याला वजन असतं.