कुलूप घालण्याआधी थोडं बोलू

पालकहो,

पालकसभा संपली की दारापाशी थांबून कुणी ना कुणी मला विचारतंच, "मॅडम, ही मुलं कुठून कुठून सिनेमे डाउनलोड करतात, पुस्तकांच्या पीडीएफ फिरवतात. सरकार हे सगळं एकदाचं बंद का नाही करून टाकत?"

या प्रश्नामागची तळमळ मला कळते. मी एका कनिष्ठ महाविद्यालयाचं ग्रंथालय सांभाळते. नव्याकोऱ्या पुस्तकाचं पानन् पान स्कॅन होऊन टेलिग्रामवर येतं, तेव्हा लेखकाच्या कष्टांचं आणि प्रकाशकाच्या पैशांचं काय होतं हे मला ठाऊक आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुतेक वेळा हजारभर प्रतींची, कधी त्याहूनही लहान. त्यातली विक्री अशी परस्पर बुडाली की दुसरी आवृत्ती निघणं अवघड होतं. तेव्हा चोरीची बाजू मी घेत नाही, घेणारही नाही. पण "एकदाचं बंद करा" हे आपण फार सहज म्हणून जातो. ते खरोखर झालं तर पहिला फटका आपल्याच मुलांना बसेल, एवढंच मला तुमच्याशी मोकळेपणानं बोलायचं आहे.

अमेरिकेत ही मागणी कायद्याच्या मसुद्यापर्यंत पोचली होती. २०११ च्या मे महिन्यात तिथल्या सिनेटमध्ये 'पिपा' आणि ऑक्टोबरमध्ये प्रतिनिधिगृहात 'सोपा' अशी दोन विधेयकं आली. त्यांच्यामागे हॉलिवूडच्या आणि संगीतक्षेत्रातल्या बड्या कंपन्या होत्या. त्यांचं दुखणं खोटं नव्हतं. परदेशातल्या संकेतस्थळांवरून त्यांचे सिनेमे, त्यांची गाणी राजरोस वाटली जात होती आणि अमेरिकी न्यायालयाचा हात तिथवर पोचत नव्हता. उपाय मात्र असा काढला होता : एखादं परदेशी संकेतस्थळ चोरीला वाव देतं असं सरकारला वाटलं की न्यायालयाकडून आदेश मिळवायचा. मग इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी त्या पत्त्याकडे जाणारी वाट अडवायची, गुगलसारख्यांनी तो पत्ता शोधात दाखवायचा नाही, जाहिरातदारांनी आणि पैसे पोचवणाऱ्या कंपन्यांनी व्यवहार तोडायचे. तोवर तिथे १९९८ चा कायदा चालत होता. तक्रार आली की तक्रारीतला तेवढाच मजकूर काढायचा, असा त्याचा रिवाज. नव्या विधेयकांनी सबंध संकेतस्थळच अडवण्याची सोय केली. ग्रंथालयात कुणी एका पुस्तकाची पानं फाडली म्हणून ग्रंथालयालाच सील ठोकावं, तसं हे मला वाटतं. वाचायला येणाऱ्या बाकीच्या मुलांचा काय दोष?

तिथल्या आईबापांना या धाकाची चव आधीच मिळाली होती. २००३ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या संगीत कंपन्यांच्या संघटनेनं २६१ जणांवर एकदम दावे लावले. त्यांत न्यूयॉर्कमधल्या सरकारी वसाहतीत राहणारी १२ वर्षांची एक शाळकरी मुलगी होती. तिनं गाणी उतरवून घेतली होती. तिच्या आईनं २,००० डॉलर भरून प्रकरण मिटवलं. मुलीनं केलं ते योग्य होतं असं मी म्हणणार नाही. पण बारा वर्षांच्या लेकराला समज द्यायची की न्यायालयात उभं करायचं, हा प्रश्न तुम्हालाही पडेल.

दुसरी गोष्ट २००७ ची. पेनसिल्व्हेनियातल्या एका आईनं स्वयंपाकघरात नाचणाऱ्या आपल्या वर्षभराच्या बाळाचा २९ सेकंदांचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. मागे प्रिन्स या गायकाचं गाणं अस्पष्ट वाजत होतं. संगीत कंपनीच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढला गेला. या आईनं मात्र मान तुकवली नाही, ती न्यायालयात गेली. तब्बल आठ वर्षांनी, २०१५ मध्ये, अपील न्यायालयानं सांगितलं की मजकूर काढायला लावण्याआधी तो रास्त वापरात बसतो का, याचा विचार हक्कधारकानं केलाच पाहिजे. तुमच्या-माझ्या घरात बाळ नाचतं तेव्हाही मागे कुठलं ना कुठलं गाणं लागलेलंच असतं. त्या बाईंची चिकाटी मला फार मोलाची वाटते.

सोपामध्ये आणखी एक कलम होतं. परवानगी नसलेलं गाणं किंवा सिनेमा इंटरनेटवर चालवून दाखवणं हा काही अटींवर पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरणार होता. अशाच आशयाचं एक विधेयक सिनेटमध्येही आलं होतं. त्याच्या विरोधकांनी तेव्हा जस्टिन बीबरचं उदाहरण पुढे केलं. या मुलाची कीर्ती सुरू झाली ती त्याच्या आईनं यूट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओंतून, आणि त्यांत तो दुसऱ्यांची गाणी गात होता. कलमं लिहिणाऱ्यांच्या मनात मुलांना पकडणं नसेलही. पण कायद्याचे शब्द सैल राहिले की ते कुणावर लागू होतील हे लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही.

या विधेयकांच्या निषेधार्थ १८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडियानं स्वतःला चोवीस तास बंद ठेवलं. पानावर काळोख आणि विधेयकांची माहिती. सोळा कोटींहून अधिक लोकांनी ते पान पाहिलं, ऐंशी लाखांहून अधिक जणांनी आपल्या लोकप्रतिनिधीचा पत्ता तिथून शोधला. गुगलच्या निषेधपत्रावर सत्तर लाख सह्या झाल्या. दोनच दिवसांत, २० जानेवारीला, दोन्ही सभागृहांनी विधेयकं बाजूला ठेवली. ती परत आली नाहीत.

त्या चळवळीत पुढे असलेला आरन स्वार्ट्झ तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. एका विद्यापीठाच्या जाळ्यातून शोधनिबंधांचा प्रचंड साठा उतरवून घेतल्याचा खटला त्याच्यावर आधीपासून होता आणि अनेक वर्षांच्या कैदेची टांगती तलवार. खटल्याची सुनावणी सुरू होण्याआधीच, ११ जानेवारी २०१३ रोजी, त्यानं आयुष्य संपवलं. असा निर्णय एकाच कारणानं होत नसतो, म्हणून मी त्यावर काही ठोकून सांगणार नाही. तरी हुशार, हळव्या मुलाच्या चुकीला माप कुठलं लावायचं, हे त्याच्याबद्दल वाचताना दर वेळी मनात येतं.

आपल्याकडे या गोष्टी घडत नाहीत असं समजू नका. २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं '३' या तमिळ सिनेमाच्या चोरट्या प्रती रोखण्याचा आदेश दिला, आणि इंटरनेट कंपन्यांनी विमिओसारखी सबंध संकेतस्थळंच बंद केली. लोक आपलं स्वतःचं काम जिथे ठेवतात, त्या जागा गेल्या. त्या जूनमध्ये मुंबईसह अनेक शहरांत तरुण मुखवटे घालून रस्त्यावर उतरले. नंतर न्यायालयालाच स्पष्ट करावं लागलं की नेमके चोरीचे दुवे बंद करा, अख्खी संकेतस्थळं नव्हे. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात 'ढिशूम'चं प्रकरण आलं तेव्हा न्यायमूर्ती गौतम पटेल यांनीही सरसकट बंदी द्यायला नकार दिला आणि तपासून घेतलेले दुवेच मागितले. मला ही शिस्त योग्य वाटते. चोर पकडा, पण कुणाचं काय बंद केलं आणि का, हे लोकांना कळू द्या.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदाही दिसतो त्याहून समजूतदार आहे. त्याचं ५२ वं कलम पालकांनी एकदा वाचावंच. स्वतःच्या अभ्यासासाठी, संशोधनासाठी रास्त वापराला त्यात मुभा आहे. शिकवताना शिक्षकानं आणि विद्यार्थ्यानं मजकुराची प्रत काढायलाही मुभा आहे. स्नेहसंमेलनात मुलांनी नाटक बसवलं, गाणं म्हटलं, तर त्यालाही आहे. शाळेत सिनेमा दाखवण्याची सवलत सांगताना प्रेक्षकांत विद्यार्थ्यांच्या पालकांचा उल्लेख त्या कलमात चक्क शब्दांत केलेला आहे. याच कलमाच्या आधारे दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानावरचा दावा सुटला. ऑक्सफर्ड, केंब्रिज यांच्यासारख्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये लावलेला हा दावा दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये फेटाळला. अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतल्या प्रकरणांच्या प्रती काढून घेणारी मुलं चोर ठरली नाहीत.

पण मुभा आहे तिथेच कडक शिक्षाही आहे, आणि ती मुलांना माहीत नसते. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीनंतर चित्रपटगृहात पडद्यावरचा सिनेमा किंवा त्याचा काही भाग चोरून टिपला तर तीन महिने ते तीन वर्षं कैद आहे. दंड तीन लाखांपासून सुरू होतो आणि निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. आवडत्या नायकाची एन्ट्री मोबाइलवर टिपून स्टेटसला ठेवण्याआधी हे कुणीतरी सांगायला हवं. ते कुणीतरी म्हणजे तुम्ही.

घरात हे बोलताना मी तुम्हाला एकच विनंती करेन. मुलगा पीडीएफ शोधताना दिसला तर आधी विचारा, का शोधतोयस? पुष्कळदा उत्तर पैशांचं असतं आणि ते सांगायला त्याला संकोच वाटतो. नऊशे रुपयांचं संदर्भपुस्तक घरात मागण्यापेक्षा फुकटची फाइल त्याला सोपी वाटते. त्याच्यावर ओरडण्याआधी आमच्यासारख्या ग्रंथपालाकडे या. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ रूपात अधिकृतपणे मोफत मिळतात. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी पुस्तक सगळ्यांचं होतं, म्हणून साने गुरुजींचं लेखन २०११ पासून कुणीही मोकळेपणानं उतरवून घेऊ शकतो. मोठ्या मुलांच्या सरकारी महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालं आहे, त्यातून तेरा हजारांच्या आसपास शोधपत्रिका खुल्या होतात. हे असताना चोरून वाचायची वेळ कमी येते. जे नवं आहे, ज्याचा लेखक हयात आहे, त्याच्यासाठी मात्र घरात थोडे पैसे बाजूला काढायची सवय लावा. मुलांना लेखकाचं नाव, प्रकाशकाचं नाव वाचायला लावा. आपण ज्याचं खातो त्याला देतो, हे घरात दिसलं तर त्यासाठी पोलीस लागत नाहीत.

आणि तुमच्या स्वतःच्या फोनकडेही बघा. व्हॉट्सअॅपवर आलेलं आख्खं वर्तमानपत्र, दिवाळी अंकाची पीडीएफ, नव्या सिनेमाची लिंक पुढे ढकलताना मुलं बघत असतात.

इंटरनेटबद्दलच्या नव्या कायद्यांचे आणि नियमांचे मसुदे आपल्या देशातही निघत असतात. त्यांवर हरकती आणि सूचना मागवल्या जातात, मुदत बहुधा थोडी असते आणि आपल्यासारखी माणसं त्या पाठवत नाहीत. पुढच्या वेळी अशी बातमी दिसली तर मसुदा घरात मुलांसोबत वाचा. एखाद्या चुकीसाठी सबंध दार बंद होतंय का, बंद करणाऱ्याला कारण सांगावं लागतंय का, ज्याचं बंद झालं त्याला दाद मागता येते का, एवढं त्यात शोधा. आणि मुदत संपायच्या आत दोन ओळींची का होईना, आपली हरकत नावानिशी पाठवा.