दारावरची टिकली

अगं, पोहायच्या टँकचा पास आला म्हणालीस आणि लगेच कॉश्च्युमचं विचारलंस. बाह्यांचा घेऊ की बिनबाह्यांचा, काळा की निळा. कुठलाही घे, फक्त सुती नको. पाण्याची भीती म्हणशील तर ती आठ दिवसांत जाते. मला कुणी सांगितलं नव्हतं ते कपडे बदलायच्या खोलीचं, म्हणून तुला आधीच सांगून ठेवते.

शिट्टी झाली की बायकांची अख्खी बॅच एकदम पाण्याबाहेर येते. तीस-पस्तीस जणी, आणि दारं असलेल्या बाथरूम पाच. त्यातल्या एकीची कडी लागत नाही. पहिल्या दिवशी मी जीन्स घालून गेले होते. ओल्या पायांवर जीन्स चढते का गं? गुडघ्यापर्यंत आली आणि तिथेच बसली. एका पायावर उड्या मारताना कुर्ता खुंटीवरून खाली फरशीवर, आणि फरशीवर बोटभर पाणी. बाहेरून दार वाजतंय ते वेगळंच. शेवटी तसाच ओला कुर्ता घालून बाहेर आले, तर समोर एक काकू टॉवेल गुंडाळून कुडकुडत उभ्या. एक अक्षर बोलल्या नाहीत, गुपचूप आत गेल्या. बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच शिकवलं. एक ढगळ गाऊन ठेवायचा. खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून तो डोक्यातून घालायचा, हात बाह्यांत न घालता आतच ठेवायचे, आणि आतल्या आत कॉश्च्युम उतरवून अंग पुसून आतले कपडे चढवायचे. दोन मिनिटांचं काम. बाथरूमची गरजच नाही. मला एकदम आजी आठवली. वाईला घाटावर परकराचं टोक दातात धरून ती भर गर्दीत लुगडं बदलायची आणि वर कुणाशी तरी बोलतही असायची! आपण ती विद्या विसरलो आणि कडीकोयंडे शोधत बसलो. पिशवी भरताना कपडे उलट्या क्रमाने ठेव, म्हणजे आधी लागणारं वर येतं. बाथरूममध्ये गेलीसच तर बदलून लगेच बाहेर ये. केस विंचरणं, पावडर, क्रीम सगळं बाहेर आरशापाशी.

पाण्यात जायच्या आधी शॉवर घ्यायचाच. घरून आंघोळ करून आले म्हणणाऱ्या खूप असतात. स्कूटरवरून येताना आलेल्या घामाचं काय? टँकवर डोळ्यांना झोंबणारा वास येतो आणि आपण म्हणतो, आज क्लोरीन जास्त टाकलंय. तो निव्वळ क्लोरीनचा नसतो. घाम, लघवी क्लोरीनशी मिसळून क्लोरामाइन तयार होतात, त्यांचा तो वास. म्हणजे आपणच केलेला. केसही साध्या पाण्याने आधी भिजवून टोपी घातली की टँकचं पाणी कमी पितात. खोबरेल थापून मात्र येऊ नकोस, सगळ्यांच्या तोंडावर तवंग येतो. आइसलँडमध्ये तर कॉश्च्युम काढून, साबण लावून धुतल्याशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत. डोकं, काखा, जांघा, पावलं कुठे घासायचं त्याची चित्रं भिंतीवर लावलेली असतात. आपल्याकडे अशी चित्रं लावली तर पहिल्याच दिवशी तक्रार जाईल.

आता खरं सांगायचं ते. त्या खोलीत नजर सांभाळायची. टाके, पोटावरच्या रेघा, कोड, लोंबणारे दंड, सगळं दिसतं. दिसलं तरी पाहायचं नाही आणि पाहिलं तरी बोलायचं नाही. आमच्या बॅचला एक जण यायची, एका बाजूचा स्तन काढलेला. नेहमी भिंतीकडे तोंड करून बदलायची. एकदा कुणीतरी अगदी मायेनेच विचारलं, "काय झालं हो? केव्हा झालं?" त्यानंतर ती ओल्या कॉश्च्युमवरच गाऊन चढवून घरी जायला लागली. डिसेंबर होता. पुढे यायचीच बंद झाली. विचारणारी बाई वाईट नव्हती गं, माझ्याच शेजारी बसायची. म्हणून सांगते, "किती बारीक झालीस" हेसुद्धा तिथे नको. एवढं कौतुक वाटलं तर बाहेर चहाच्या टपरीवर सांग.

मोबाइल पिशवीतून काढायचाच नाही. घरून फोन आला, रिक्षा बोलवायची आहे, काहीही असो, दाराबाहेर जाऊन बोल. एकदा एकीने आत उभं राहून नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला होता! तिच्या मनात काही नव्हतं, पण मागे आम्ही सहा जणी. आणि कुणी मुद्दाम चित्रण करताना दिसली तर भिडेखातर गप्प बसू नकोस. भारतीय न्याय संहितेचं कलम 77 बायकांना असं चोरून पाहण्या-टिपण्याबद्दल आहे, आणि करणारी बाई असली तरी ते लागू होतं. सरळ कोचबाईंना हाक मार.

लहान मुलांचं मात्र माझं मलाच ठरत नाही. सात-आठ वर्षांचा मुलगा आईबरोबर आत येतो, बायका कुजबुजतात. पण एकट्या पोराला तिने पुरुषांच्या बाजूला कसं पाठवायचं? आणि त्या पोराकडे बघ ना, तोच लाजून खांबाआड उभा असतो. घरूनच कॉश्च्युम घालून आणावा आणि जाताना वरून टॉवेलचा झगा चढवावा, एवढं आपण त्या आईला हळूच सुचवू शकतो. हळूच, हं.

बाकी बारीकसारीक तुला कळेलच. बाकावर ओलं बूड टेकू नकोस, कॉश्च्युम मोरीच्या जाळीवर पिळ, जाळीत अडकलेले आपले केस आपणच काढ. पॅड कागदात गुंडाळून डब्यात टाक. पायात स्लिपर हवीच, नाहीतर बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतील.

आणि पाण्यात जाताना टिकली काढशील ना, ती दारावर चिकटवू नकोस. सगळ्या जणी तसंच करतात आणि विसरतात. तिसऱ्या बाथरूमच्या दारावर नक्षत्रं असल्यासारख्या टिकल्या आहेत, लाल, काळ्या, खड्यांच्या. कडीच्या जरा वर एक मरून आहे बघ, मोठी. ती माझी.