घरट्याखाली उभी राहू नकोस

अगं, लेन्स घेतलीस, आता पहिली जोडून सुट्टी आली की तू हर्णैला पळणार, हे मला ठाऊक आहे. जा. पण त्याआधी जरा बस माझ्याजवळ.

समुद्री गरुडाच्या घरट्याचा पत्ता कुणी प्रेमाने दिला, तरी तिकडे वळू नकोस. उंच झाडावरचा तो काटक्यांचा भलामोठा पसारा जोडी वर्षानुवर्षं वापरते, डागडुजी करते. अंडी बहुधा दोनच. ती दीड महिना उबवायची, मग पिल्लू उडेपर्यंत आणखी दोन-अडीच महिने. तू खाली उभी राहिलीस आणि मादी उठली, की अंडी उन्हात उघडी पडतात आणि कावळे टपलेलेच असतात. डोक्यावर घिरट्या घालत ती ओरडते, ते तुला हाकलायला. असले फोटो लोक कौतुकाने मिरवतात, मला ते बघवत नाहीत. ड्रोनचं तर नावच काढू नकोस. १९७२च्या वन्यजीव कायद्यात हा पक्षी पहिल्या अनुसूचीत आहे, उगाच नाही.

मग फोटो कुठे मिळेल? पहाटे, किनाऱ्यावर. आपला समुद्र पश्चिमेला, म्हणजे सकाळी सूर्य तुझ्या पाठीशी. थंडीच्या दिवसांत त्या वेळी मतलई वाराही जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तोही पाठीशीच. पक्षी उतरताना वाऱ्याला तोंड देतो, म्हणजे आपसूक तुझ्याकडे तोंड करून येतो, छातीवर ऊन घेऊन. हा योग दिवस वर आला की संपतो. खारा वारा सुटला की पक्षी पाठमोरे होतात आणि पाण्यावरची चकाकी डोळ्यात जाते. म्हणून सांगते, नाश्ता नंतर कर.

हात बसवायला जेट्टी गाठ. होड्या आल्या, मासळी निवडणं सुरू झालं की ब्राह्मणी घारी येतातच. पाण्यावरचा तुकडा पायांनी उचलतात आणि उडता उडताच खातात. माणसांना त्या सरावलेल्या असतात, तुझ्यामुळे त्यांचं काही अडत नाही. शटर १/२००० च्या खाली नेऊ नकोस. मागे गर्द सुरूबन असेल तर एक्सपोजर थोडं उतरव, नाहीतर डोक्याचा पांढरा रंग जळून जातो आणि तो नंतर कशानेही परत येत नाही.

मोरघार, म्हणजे तुमच्या पक्षी-ग्रुपवर ज्याला ऑस्प्रे म्हणतात तो, हिवाळी पाहुणा. तो खाडीत शोध. पाण्यात रोवलेल्या खांबावर तासन्‌तास बसतो. तूही बस. हवेत एका जागी पंख मारत थांबला की बोट बटणावर हवं. पाय पुढे काढूनच तो पाण्यात शिरतो. मासा घेऊन निघाला की बघ, माशाचं डोकं नेहमी पुढच्या दिशेला. खाडीत होडी केलीस तर होडीवाला म्हणेल, ताई, कोंबडीचे तुकडे टाकतो, गरुड जवळ येईल. नको म्हण, आणि पैसे मात्र पूर्ण दे. पक्षी मान ताठ करून तुझ्याकडे बघू लागला की तिथेच थांबायचं. पुढचं पाऊल तुझं नाही.

वेळासची कासवं तुला माहीत आहेत ना? २००२ मध्ये ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेची मंडळी समुद्री गरुडासाठीच तिथला किनारा धुंडाळत होती, तेव्हा त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. गरुडाच्या मागे जाणाऱ्याने खालीही बघावं, एवढंच.

कातळावर एकटी जाण्याआधी जेट्टीवरच्या मावशींना भरतीची वेळ विचार आणि कुठे बसणार तेही सांगून ठेव. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात परतीची वाट बुडते. वाळूवर लेन्स बदलू नकोस; रात्री कॅमेरा आधी ओलसर फडक्याने पूस, मग कोरड्या.

फोटो टाकताना नुसतं ‘रत्नागिरी जिल्हा’ लिही. मूळ फाइल मात्र मला पाठव, डोळ्यावर फोकस बसलाय का ते मला बघायचंय.