जैतुनाच्या तेलाचा साबण

शास्त्रांतील शखेमाजवळच्या नाब्लूस नगरीं जैतुनाच्या तेलाचा साबण पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. २०२४ सालीं युनेस्कोनें ह्या परंपरेची नोंद घेतली. तो घरीं करूं इच्छिणाऱ्यांस आम्ही कृति सांगतों.

तेल ५०० ग्रॅम, शुद्ध कॉस्टिक सोडा ६४ ग्रॅम व पाणी १५० ग्रॅम तोलूनच घ्यावें. सोडा अधिक झाल्यास कातडी भाजते. मुलांस दूर ठेवून, हात व डोळे झांकून, सोडा हळूहळू पाण्यांत घालावा. सोड्यावर पाणी कधींही ओतूं नये. तें उसळून अंगावर उडतें. अल्युमिनियमचें भांडें वर्ज्य करावें. सोडा तें खातो. द्रावण कोमट झाल्यावर तेलांत मिसळून दाट होईपर्यंत ढवळावें व साच्यांत ओतावें. घट्ट झाल्यावर वड्या पाडून निदान सहा आठवडे हवेशीर जागीं ठेवाव्या. कोवळी वडी बुळबुळते व लवकर झिजते. तीच कित्येक महिने मुरली म्हणजे सायीसारखा फेस देते. येथें धीर हाच मुख्य मसाला होय.