वाडीच्या टोंकापर्यंत घरचें संगणक-जाळें

आगाशी, नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगांव या बाजूच्या वाड्यांची रचना आमच्या वाचकांस परिचित आहेच. रस्त्यालगत राहतें घर, मागें गोठा, मध्यें बावखल अगर विहीर व तिच्यावरील पंपाची खोली, आणि टोंकास फुलें-भाजी बांधण्याची छपरी. इंटरनेटची जोडणी घरांत येते. पण पंप चालू-बंद करणें, गाभण गाईवर रात्रीं कॅमेऱ्यानें नजर ठेवणें, ही तिचीं खरीं कामें वाडीच्या मागील भागांत असतात. तेथवर घरच्या राउटरच्या लहरी पोंचत नाहींत. जाळें तिकडे कसें न्यावें, याचा विचार येथें करावयाचा आहे. यांत चूक झाली तर केवळ पैसा वाया जातो असें नाहीं. पंपघराजवळ पडलेल्या विजेचा आघात तारेवाटे घरांत येऊन सर्व यंत्रें निकामी होऊं शकतात.

तांब्याची तार.— नेहमींच्या जाळ्याच्या तारेची मर्यादा १०० मीटर, म्हणजे सुमारें ३२८ फूट आहे. भिंतीवरील चढउतार व वळसे यांतच मोजावयाचे. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, ती घेऊं नये. परंतु अंतर थोडें असलें तरी दोन निरनिराळ्या इमारतींमध्यें तांब्याची तार ओढणें आम्हांस इष्ट वाटत नाहीं. दोहोंचें अर्थिंग वेगळें असतें. जवळपास वीज पडली कीं दोन्हीकडील जमिनीच्या विद्युत्-दाबांत मोठा फरक पडतो, आणि तो फरक भरून काढण्यास विजेला ही तार आयतीच वाट मिळते. मृगाच्या तोंडीं व परतीच्या पावसांत हा धोका विशेष. एकाच इमारतीच्या आंत मात्र तांब्याची तारच उत्तम.

कांचतंतूची तार.— हिलाच फायबर म्हणतात. हिच्यांतून वीज न जातां प्रकाश जातो. म्हणून अर्थिंगचा प्रश्न उद्भवत नाहीं, व अंतरही कित्येक किलोमीटर चालतें. मात्र आंत धातूची तार नसलेला प्रकार मागून घ्यावा. दोन्ही टोंकांस प्रकाशाचे विद्युत्-संदेशांत रूपांतर करणारी एकेक लहान पेटी लागते. तार नुसती मातींत न पुरतां प्लास्टिकच्या नळींतून न्यावी. उंदीर-घुशींपासून व कुदळीपासून तिचें रक्षण होतें. चर निदान दोन फूट खोल असावा, आणि नळींत एक दोरी मोकळी सोडून ठेवावी, म्हणजे पुढें दुसरी तार ओढतां येते. वळणें मोठीं ठेवावीं; कांच तीव्र कोनांत वांकविल्यास प्रकाश गळतो अगर तंतू तुटतो. ठिबकाच्या अगर पाण्याच्या नळांसाठीं चर खणला जात असेल, तर त्याच वेळीं ही नळी टाकणें सर्वांत फायद्याचें.

बिनतारी जोडणी.— मध्यें शेजाऱ्याची जमीन अगर रस्ता आल्यामुळें खणतां येत नसेल, तर समोरासमोर दोन दिशादर्शी यंत्रें बसवावीं. यासाठीं लागणाऱ्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी आपल्या देशांत २००५ सालीं व ५ गिगाहर्ट्झच्या बहुतेक लहरी २०१८ सालीं, ठराविक शक्तीच्या मर्यादेंत, परवान्यावांचून वापरण्यास खुल्या झाल्या. शेंदोनशें मीटरांत पाऊस या लहरींस फारसा अडवीत नाहीं. अडवितात तीं ओलीं पानें. यासाठीं दृष्टिरेषा मोकळी पाहिजे, आणि केवळ दोरीएवढी नव्हे. २०० मीटरांच्या जोडणींत मध्यावर रेषेभोंवतीं सर्व बाजूंनीं निदान तीन-चार फूट जागा रिकामी असावी. आमच्या वाड्यांत केळींच्या शेंड्यांवर व माडांच्या झावळ्यांखालीं अशी मोकळी पट्टी पुष्कळदां सांपडते. ती चैत्रांत न पाहतां भाद्रपदांत, पानें भरलेलीं असतांना पाहावी. यंत्र माडाला बांधूं नये. वाऱ्यानें माड डोलला कीं नेम चुकतो. लोखंडी खांब रोवून त्यास अर्थिंग द्यावें.

या बाबतींत आमच्या पालघर जिल्ह्यांतीलच उदाहरण बोधप्रद आहे. मुंबईच्या आय. आय. टी. च्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पानें खामलोलीच्या परिसरांत दूरचित्रवाणीच्या पट्ट्यांतील रिकाम्या लहरींचा प्रयोग केला, कारण त्या लांब लहरी झाडींतून अधिक चांगल्या जातात. या प्रकल्पास २०१७ सालीं मोझिला संस्थेचें पारितोषिकही मिळालें. त्या लहरी खाजगी वापरास खुल्या नाहींत. परंतु तत्त्व आपणांस घेतां येतें. केवळ पंपाची कळ दाबणें व जमिनीची ओल पाहणें एवढेंच काम असेल, तर परवानामुक्त ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या ‘लोरा’ पद्धतीचीं यंत्रें पुरतात. त्यांचा वेग अत्यल्प, पण झाडींतून तीं बरीच लांब पोंचतात. कॅमेऱ्यास मात्र तीं निरुपयोगी.

दूरच्या टोंकाची व्यवस्था.— तेथें जुना राउटर लावल्यास त्याचें पत्ते वाटण्याचें काम बंद करावें; एका घरांत पत्ते वाटणारा एकच असावा, नाहीं तर गोंधळ होतो. वीज गेल्यावरही जाळें चालू राहावयाचें तर दोन्ही टोंकांस बॅटरीची सोय पाहिजे. अर्नाळा-भुईगांवकडील खारी हवा जोड लौकर खाते. म्हणून पट्ट्या गंज न चढणाऱ्या पोलादाच्या घ्याव्या, जोड झांकलेले ठेवावे, आणि तार पेटींत शिरण्यापूर्वीं तिला खालीं एक वळसा द्यावा, म्हणजे पावसाचें पाणी तेथूनच ठिबकून जातें.

सारांश, खणतां येत असेल तेथें कांचतंतू, येत नसेल तेथें मोकळ्या दृष्टिरेषेची बिनतारी जोडणी, आणि तांब्याची तार इमारतीच्या आंत, हा क्रम बागाइतदारांनीं पाळावा. खरेदीला निघण्यापूर्वीं टेपानें अंतर मोजून वाडीचा एक साधा नकाशा काढावा, व त्यावर झाडें, विहीर आणि पाण्याचे नळ दाखवावे. तो नकाशा दाखविल्यास दुकानदारही भलतेंच सामान गळ्यांत बांधूं शकणार नाहीं, आणि पुढें चर खणणाऱ्या गड्याच्या कुदळीपासून तारेचेंही रक्षण होईल.